जांबोटीकडच्या रानात मोडलेली वाडी: घराची आणि माती दिलेली जागा कशी शोधावी?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात लेथवर काम करणारा माणूस. कागदाशी संबंध म्हणजे बिलं आणि चलनं, तेव्हा प्रश्न वेडावाकडा वाटला तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ ठिकाण खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या दक्षिणेला, आत रानात. गाव कसलं, आठ-नऊ उंबऱ्यांची वाडी. घरात तिचं नाव घेऊन कुणी बोलायचं नाही, 'जुनी वाडी' एवढंच. १९१८ साली मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान निम्मी वाडी गेली. पणजोबांची बायको, त्यांचे दोघे भाऊ आणि एक तान्हं पोर त्यात गेलं. उरलेल्यांनी गुरं मिळेल त्या भावाला फुंकली आणि ज्याला जिकडं पाहुणे होते तो तिकडं गेला. पणजोबा माझ्या आजोबांना खांद्यावर घालून बेळगावला आले, शहापुरात एका विणकराकडं कांड्या भरायला राहिले, आणि परत म्हणून तिकडं फिरकले नाहीत.

आजी सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगायची. घराच्या मागं कापा फणस, पुढं उतार, उताराच्या पायथ्याला ओढा. ओढ्यापलीकडं रवळनाथ. माणसं जाळली नाहीत, खांदा द्यायलाच कुणी उरलं नव्हतं, म्हणून ओढ्याच्या अलीकडं चाफ्याखाली माती दिली. एवढा नकाशा आमच्याकडं आहे, आणि तोही तोंडी.

वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली. दरवर्षी म्हाळ घालतो, पान वाढतो, आणि दरवर्षी त्यांचं तेच: "नावं म्हायती न्हाईत ती न्हाईत, जागा तरी दाव."

हातात काय आहे ते सांगतो. पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतला एक चिठोरा मिळालाय, शिक्का आहे. गल्लीतले मास्तर म्हणाले, सारा भरल्याची पावती असावी. 'भूमी'वर ऑनलाइन उतारा काढायला बसलो तर गावांच्या यादीत वाडीचं नावच नाही. एका कचेरीत विचारलं तर "असं गावच नाही हो" म्हणून माझ्याकडंच संशयानं बघितलं. मित्राच्या गाडीवर बसून प्रत्यक्ष तिकडंही जाऊन आलो. टपरीवर तिघांनी तीन दिशा दाखवल्या. चौथा म्हणाला, तिकडं अस्वलं आहेत, चहा घ्या आणि मागं फिरा. चहा चांगला होता.

तर, वाडी कागदावर कुठं सापडेल? आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग जुनी दप्तरं कोल्हापूरला, पुण्याला की धारवाडला? आणि जागेवर पोचलोच, तर शंभर वर्षांनी घर कुठलं आणि माती दिलेली जागा कुठली, हे ओळखायचं कसं?


घटप्रभाकाठ

दादा, आधी हेळवी गाठा. कचेरीचं नंतर बघा.

आमच्या हुक्केरी-चिकोडी भागात सुगी झाली की हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता त्यांची पोरं मोटारसायकलवर येतात, पण चोपडी तीच. पहाटे दारात उभं राहून तुमच्या मूळपुरुषापासून खाली म्हणत येतो. कोण कुठून आला, किती मुलगे, कुठली पोरगी कुठं दिली, कोण निपुत्रिक गेला. मराठा, लिंगायत, धनगर, जैन, सगळ्यांच्या घरी. गावं त्यांच्यात वाटलेली असतात, एकाच्या गावात दुसरा जात नाही. नव्या पोराबाळांची नावं लिहून घ्यायची, जोंधळे-पैसे द्यायचे, झालं. तुम्ही शहरात आलात तिथं त्याचा धागा तुटला असणार. म्हणून तुमच्याच आडनावाची, तुमच्याच देवकाची भावकी अजून खेड्यात कुठं असेल तर त्यांना विचारा, तुमच्याकडं कुठला हेळवी येतो म्हणून. त्याच्या वहीत पणजोबांचं पान कोरं पडलेलं असेल, पण असेल. वडिलांना हवी असलेली नावं तिथं मिळाली तर मिळतील. मात्र हेळवी माणसं सांगतो, जागा सांगत नाही. घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला होतं हे त्याला विचारून उपयोग नाही.

आमची गोष्ट उलटी. आमचं जुनं गाव हिडकलच्या पाण्यात आहे. धरण १९७७ ला पुरं झालं, त्याच्या आधीच आम्हाला उठवलं. पण उठवताना सरकारनं सगळं मोजलं, आणि त्या भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आमच्याकडं आहे. घराची लांबी-रुंदी, भिंत मातीची की दगडाची, परड्यात दोन लिंबं आणि एक चिंच, विहिरीला किती, झाडाला किती, सगळं मालकाच्या नावापुढं मांडलेलं. चुलता आजही तो कागद काढून चिंचेचे पैसे कमी लावले म्हणून भांडतो. तुमच्यासारख्या मोडलेल्या वाडीला हे भाग्य नाही, तिला कुणी उठवलं नाही म्हणून कुणी मोजलंही नाही. पण वाचणाऱ्यांत कुणाचं गाव धरणात, कालव्यात, लष्करात गेलेलं असेल तर त्यांनी पहिल्यांदा निवाडाच मागावा.

उन्हाळ्यात पाणी हटलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि बेळगावची पोरं फोटो काढायला पळतात. आम्ही लिंगायत, आमच्यात माती देतात. आमच्या थोरल्यांच्या समाध्या त्याच पाण्यात आहेत. आई काठावर उभी राहून हळद-कुंकू पाण्यात सोडते आणि घरी येते.


साखळी३३

मी भूमापन खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. खानापूरचं रान साखळी ओढत फिरलोय, म्हणून लिहितो. लांबेल.

उद्यमबागकर, वाडीचं नाव शोधणं आधी सोडा. महसुलात गाव म्हणजे मौजे. आठ उंबऱ्यांची वाडी म्हणजे त्या मौजेचा मजरा, तिला स्वतःचं दप्तर नसतं. म्हणून ती यादीत नाही. एखादं पूर्ण मौजे ओस पडलं तर ते यादीत राहतं आणि पुढं 'बेचिराख' असा शेरा पडतो. मजरा मोडला तर कुणी शेरासुद्धा मारत नाही. १९५१ च्या जनगणनेचं बेळगाव जिल्ह्याचं पुस्तक जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर चाळून बघा, मुंबई राज्यात असतानाची ती शेवटची गणती. तिथंही मौजेच सापडतील.

दुसरं. घराला सर्व्हे नंबर नसतो. गावठाणातलं घर शेतसाऱ्याच्या कागदात येतच नाही. कागदात येते जमीन. तेव्हा जमीन धरायची आणि तिच्यावरून घराकडं चालत जायचं. तुमच्या ट्रंकेतला चिठोरा खरंच साऱ्याची पावती असेल तर त्यावर मौजेचं नाव आणि सर्व्हे नंबर असणार, आणि मग अर्धं काम झालं. आधी तो मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध निघाल्यापासून कोल्हापुरात मोडी वाचणारी तरुण पोरं बरीच झालीत. लॅमिनेशन मात्र करू नका, कागद त्यात मरतो.

मौजे कळलं की खानापूरला तहसीलदार कचेरीच्या अभिलेखात अर्ज टाका. कोल्हापूर-पुण्याला धावू नका. कोल्हापूरचं पुराभिलेखागार संस्थानासाठी आणि पुण्याचं पेशवे दप्तरासाठी, आणि पेशवे दप्तर तर तुमच्या पणजोबांच्या फार मागचं. साऱ्याचे, वारसाचे कागद तालुक्यातच राहिले, राज्य बदललं म्हणून गाडीत भरून कुणी नेले नाहीत. जुनी दप्तरं स्कॅन करायचं 'भू सुरक्षा' नावाचं काम सध्या चालू आहे, तेव्हा नक्कल मागताना स्कॅन झालंय का तेही विचारा. अर्जात नुसतं 'जुने कागद' लिहिलंत तर नुसतं 'मिळून येत नाही' असं उत्तर येईल. काय मागायचं ते नावानं मागा.

डायरी, म्हणजे फेरफाराचं रजिस्टर, मागा. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं आली, त्यानंतर खातेदार मेला की वारसाची नोंद डायरीला व्हायची. मानमोडीत देशात कोटीच्या वर माणसं गेली. तुमच्या मौजेची १९१८ ते १९२१ ची डायरी वारसांच्या नोंदींनी भरलेली असणार. मयताचं नाव, वारस कोण, नातं काय, वय काय. हेळव्याचं पान आणि डायरीचं पान शेजारी ठेवा, पणजोबांच्या भावांची नावं तिथं उभी राहतील. बायकांची नावं क्वचित, पोराचं तर नाहीच. त्यांच्यासाठी जन्म-मृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४. ते उरलं असेल तर नशीब, वाळवी त्यालाच आधी लागते.

मग राजीनामे. जमीन सोडून जाणारा माणूस राजीनामा द्यायचा, नवीन घेणारा कबुलायत लिहून द्यायचा. राजीनामाही न देता गेला तर सारा थकून जमीन सरकारजमा व्हायची आणि नोंद पडायची 'सरकारी पड'. तुमच्या पणजोबांनी काय केलं यावर पुढचा माग अवलंबून. रानपट्ट्यात अशी पड जमीन पुढं जंगलात गेलेली मी पुष्कळ बघितली. आजच्या उताऱ्याला नऊ नंबरच्या कॉलमात मालकाचं नाव असतं, तिथं 'अरण्य इलाखे', म्हणजे वनखातं, दिसलं तर दचकू नका.

आता नकाशा. मौजेचा गाव नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतो. त्यात ओढे, वाटा, देवळं आणि गावठाणाची खूण असते. तुमची आजी म्हणते तो ओढा आणि पलीकडचा रवळनाथ त्यात दिसला तर निम्मा प्रश्न सुटतो. नाही दिसला तर त्या सर्व्हे नंबरचं टिपण काढा. टिपण म्हणजे मूळ मोजणीचं कच्चं रेखाटन, मोजणीदारानं बांधावर उभं राहून केलेलं. आपली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपणात प्रत्येक बांधाची लांबी साखळी-आण्यांत आहे आणि कोपऱ्याच्या दगडाच्या खुणा आहेत. त्या दगडांतला एक जरी रानात हाती लागला तर बाकीचे मोजून काढता येतात. मी माणूसभर कारवीत शिरून असे दगड काढलेत. बाजूची झाडी शंभर वर्षांत दहादा बदलते, दगड तिथंच असतो, फक्त अर्धा मातीत गेलेला.

आणि मसणवटा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. उताऱ्यात क्षेत्राच्या खाली खराबा लिहिलेला असतो, 'अ' आणि 'ब'. 'अ' खराबा म्हणजे खडक, न पिकणारी जागा. 'ब' खराबा म्हणजे लोकांच्या उपयोगाची, वाट, ओढा, मसणवटा. ओढ्याकाठच्या नंबरात ओढ्याच्या मानानं 'ब' खराबा जास्त दिसला, दोन-चार गुंठे जादा, तर आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्राची आणि साऱ्याची नोंदवही) काढून बघा ते गुंठे कशाचे आहेत. मात्र साथीत घाईनं माती दिलेली जागा ठरलेल्या मसणवट्यातच असेल असं नाही. आजी चाफा म्हणते, तेव्हा तो मसणवटा नसून तुमच्याच परड्याचा खालचा कोपराही असू शकतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने इंची नकाशेही बघा. तुमचा भाग ४८ आय/६ मध्ये, कणकुंबीकडचा ४८ आय/२ मध्ये. त्यात सुट्या झोपड्यांच्याही खुणा असतात. माझा अनुभव असा, की महसुली नकाशा विसरला ती वाडी या नकाशावाल्यांनी टिपलेली असते, कारण त्यांना साऱ्याशी देणंघेणं नव्हतं.

जाताना फोनवर 'दिशांक' ॲप घ्या. उभे आहात तिथला सर्व्हे नंबर ते दाखवतं. पण रानात रेंज नाही, तेव्हा कोपरे आधीच घरी बसून फोनात खुणावून ठेवा.


उद्यमबागकर

साहेब, काय सांगू. कोल्हापूरच्या एका पोरानं मोडी वाचून दिली आणि पावतीच निघाली. पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे, जे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी ते तीनदा वाचायला लावलं. मौजे निघालं रस्त्याकडेचं मोठं गाव, ज्याला आम्ही 'शेजारचं' समजत होतो. सर्व्हे नंबर आहे, 'पैकी' असं लिहिलंय, आणि सारा एक रुपया आणि काही आणे.

उतारा काढला. माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं, पोरीनं वाचून दाखवलं. नऊ नंबरला अरण्य इलाखेच. आता रानखात्याच्या जागेत आम्ही जायचं तरी कसं? आणि वडील म्हणतात, जागा सापडली तर छोटा कट्टा बांधू, चिऱ्याचा, चार पाट्या वाळू लागेल. बांधता येईल का?


घाटावरची लेक

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, आता खानापुरात असते. साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी रानातलं सांगते.

ज्या गावात तुमची वाडी धरली जायची म्हणता, तिथल्या देवळात जा. गुरवाला किंवा गावड्याला विचारा की गाऱ्हाणं घालताना कुठल्या कुठल्या जागेवाल्यांची, म्हणजे त्या त्या जागेच्या देवांची, नावं घेता. माणसं गेली तरी देव गाऱ्हाण्यातनं काढत नाहीत. आमच्या गावी अजून अशा दोन ठिकाणच्या देवांना नारळ ठेवतात जिथं गेल्या साठ वर्षांत चूल पेटलेली नाही. तुमच्या रवळनाथाचा नारळ कुणीतरी ठेवत असणार, आणि जो ठेवतो त्याला वाट ठाऊक असते. टपरीवर विचारून काय मिळणार ओ? टपरीवर पोरं बसतात. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यातही गुरं राखलेल्यांना. धनगर गवळ्यांच्या म्हाताऱ्या तर प्रत्येक ओढ्याचं नाव सांगतील. आणि "वाडी कुठं होती" असं विचारू नका. "फणस कुठं आहेत" विचारा. कापा फणस रानात आपोआप रांगेनं उगवत नाही, तो कुणीतरी लावलेला. मे महिन्यात त्या फणसांवर डोळा ठेवून असणारी माणसं प्रत्येक गावात असतात.

जागेवर पोचलात की भिंती शोधू नका. मातीच्या भिंती चार पावसात बसतात, जांभ्याचं जोतं असेल तर एखादा थर. उखळ शोधा. घरातलं उखळ जमिनीत पुरलेलं असतं, ते कुणी उचलून नेत नाही. माझ्या आईच्या माहेरचं घर असंच मोडलं, आम्ही गेलो तर सगळीकडं दिंडा आणि पाला, आणि मावशीनं पायानं पाला सारत सारत बरोबर उखळावर पाय ठेवला. आत पाणी साचलेलं, त्यात बेडूक. तिथनं तिनं हातानं दाखवलं, इकडं सोपा, इकडं न्हाणी, हा दरवाजा, इथनं परडं. उखळाला पाठ करून उभं राहिलं की तिला सगळं घर दिसत होतं. तुमच्या आजीनं उखळ कुठं होतं ते कधी सांगितलं असेल तर वडिलांना आठवून बघायला सांगा. सासुरवाशिणीला तीच जागा पक्की माहीत असते.

माती दिलेल्या जागेचं. आमच्याकडं कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे, काटेरी फांद्या टाकायचे. काटे गेले, दगड खचून राहतात, लांबट, माणसाच्या लांबीचे. रानात दगडांचे ढीग अजूनही दिसतील, ते कुमरी, म्हणजे रान जाळून फिरती शेती, करताना शेतातले दगड वेचून बांधाला टाकलेले. ते गोल आणि उंच असतात, लांबट नसतात. लहान पोरांना मोठ्यांच्या जागेत ठेवत नाहीत, ओढ्याच्या अगदी काठाला, एकच मोठा दगड वर. तान्ह्याची जागा वेगळी शोधा, आणि ओढ्यानं काठ खाल्ला असेल तर ती मिळणार नाही हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

चाफा शंभर वर्षं टिकतो का म्हणून विचाराल. खोड मोडून पडतं आणि पडल्या जागी फांदी रुजते, तेव्हा असेल तर दोन हात इकडं-तिकडं असेल.

एक विनंती. तिकडं काय सापडलं ते त्या गावच्या वनहक्क समितीला कळवा. वनहक्क कायद्याच्या नियमांत जुन्या विहिरी, देवाच्या जागा, मसणवटे, आणि जुन्या नोंदींपर्यंत जाणारी वंशावळ हे सगळं पुरावा म्हणून धरतात. म्हाताऱ्यांचे जबाबसुद्धा लिहून घेतात. तुम्ही बेळगावला गेलात, तुमचा दावा लागणार नाही. पण जी माणसं अजून त्या रानात आहेत त्यांना पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायला सांगतात, आणि कागद म्हटलं की सगळे हात वर करतात. तुमच्या पावतीवरचा सर्व्हे नंबर त्यांच्या कामाचा. तिकडं भीमगड अभयारण्यात तळेवाडीची घरं १५ लाखांच्या पॅकेजवर उठू लागलीत. उठताना घराचा फोटो काढतात सगळे, मसणवट्याचा कुणी काढत नाही. माझ्या भावानं आमच्या गावचा तरी काढून ठेवलाय, प्रत्येक दगडाशेजारी घरातलं माणूस उभं करून.


साखळी३३

ताईंनी उखळाचं सांगितलं ते मी आयुष्यभर मोजणी करून ऐकलं नव्हतं. आम्ही वीटकाम-दगडकाम लिहायचो, उखळ लिहायला रकाना नव्हता.

उद्यमबागकर, तुमच्या प्रश्नाचं. आधी जागा राखीव जंगलात आहे की अभयारण्यात, ते वनखात्याच्या रेंज कचेरीत विचारा. राखीव जंगल असेल तर रेंजरला साधा लेखी अर्ज, सोबत पावतीची आणि उताऱ्याची झेरॉक्स, कारण 'पूर्वजांच्या जागेचं दर्शन', दिवस एक, माणसं किती. बहुधा गार्ड बरोबर देतात, आणि तो बरोबर असलेला बरा, अस्वलाचं टपरीवाला खोटं बोलला नाही. अभयारण्याची हद्द असेल तर परवानगी वरून येते, वेळ धरा. विनापरवाना शिरू नका. वडिलांना त्या वयात पंचनाम्यावर सही करायला लावू नका.

कट्टा विसरा. चिरा, वाळू, सिमेंट, काही न्यायचं नाही, तो गुन्हा होतो आणि पुढच्या माणसाची वाट बंद होते. उकरायचंही नाही. नारळ फोडा, पान ठेवा, उदबत्ती मात्र नको, माघानंतर पाला पेट घेतो. वडिलांना खूण हवीच असेल तर तिथल्याच दगडावर तिथलाच दगड ठेवा. आणि वर्षाला नारळ ठेवणारा जो कुणी सापडेल त्याला तुमचा नंबर देऊन या, त्याच्या नारळाबरोबर तुमचाही जाईल.

जायचं तर पौष-माघात. दिवाळीला ओलावा आणि जळवा, चैत्रात वणवे. वडील चालतील का हा हिशेब रस्त्यापासून नंबरपर्यंत किती हे कळल्यावर करा. 'पैकी' लिहिलंय म्हणजे पूर्ण नंबर तुमचा नव्हता, पोटहिस्सा होता, तेव्हा हिश्श्याचा कागद आणि टिपण दोन्हीची नक्कल एकाच अर्जात मागा. दोन अर्ज केलेत तर दोन टेबलं फिराल. टिपण हातात आलं की फोटो इथं टाका, पण सपाट ठेवून, उजेडात, कोपरे दिसतील असा. साखळी-आण्यांचे फूट मी करून देतो, आणि कुठल्या दगडापासून चालायला लागायचं तेही सांगतो.


घटप्रभाकाठ

साहेब, आमच्या बुडालेल्या नंबरांची टिपणं पण मिळतात काय ओ? यंदा वैशाखात पाणी बरंच खाली जाणार म्हणतात, आणि आई विचारूलाय.


साखळी३३

मिळतात. जमीन बुडाली, टिपण नाही. हुक्केरीला अर्ज करा, मौजेचं जुनं नाव घाला, पुनर्वसनानंतरचं नको.